मेंटेनन्स टेक्निशियन व्हायचंय? ट्रेड निवडण्यापासून पहिला ब्रेकडाउन एकट्याने सोडवेपर्यंत

चाकण घ्या, वाळूज घ्या नाहीतर बुटीबोरी. एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात प्रॉडक्शनची माणसं शेकड्यांनी असतात आणि मेंटेनन्सची बोटांवर मोजण्याइतकी. पण लाइन उभी राहिली की सुपरवायझरपासून प्लांट हेडपर्यंत सगळे त्याच दोघाचौघांच्या तोंडाकडे बघत बसतात. या कामाला मागणी का आहे ते यातच आलं. कामाचा ताण कसा असतो तेही आलं.

दहावी-बारावी करून या वाटेला येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आणि आयटीआय संपवून ‘आता पुढे काय’ म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: प्रमाणपत्र गेटच्या आत घेतं, पण खात्यात टिकवतो तो बिघाड शोधण्याचा क्रम. तो कुठल्याही एका ट्रेडच्या पुस्तकात सलग मिळत नाही. म्हणून प्रशिक्षणाची प्रत्येक पायरी, ट्रेड, अप्रेंटिसशिप, पहिली नोकरी, याच हिशेबाने निवडायची.

ट्रेड कोणता घ्यायचा

आधी आपल्या भागात कोणते कारखाने आहेत ते बघा. ऑटोमोबाइल आणि इंजिनिअरिंगच्या पट्ट्यात जोडारी म्हणजे फिटर आणि वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन हे दोन दोन वर्षांचे ट्रेड कायम चालतात. मशिन टूल मेंटेनन्स मेकॅनिक हाही दोन वर्षांचा ट्रेड खास याच कामासाठी आहे. लेथ, मिलिंग ही धातू कापायची यंत्रं उघडून स्लाइड, गिअर, स्पिंडल दुरुस्त करायला त्यात शिकवतात. बऱ्याच मुलांना त्याचं नावच माहीत नसतं, त्यामुळे गुण थोडे कमी असले तरी तिथे नशीब अजमावायला हरकत नाही. तारापूर, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ अशा केमिकल पट्ट्यात राहत असाल तर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि केमिकल प्लांटचा मेंटेनन्स मेकॅनिक या ट्रेडकडे आधी बघा. तिथे पंप, व्हॉल्व्ह, ट्रान्समीटर (दाब, तापमान मोजून पुढे कळवणारं उपकरण) हेच रोजचं काम असतं. गोव्यात वेर्णाच्या औषध कंपन्यांनाही अशीच माणसं लागतात.

दोनच पर्यायांत अडकला असाल तर मी इलेक्ट्रिशियन घ्यायला सांगेन. फिटरचं काम पुढे नोकरीत उस्तादाच्या हाताखाली बरंच शिकता येतं. विजेचं काम असं बघून बघून शिकायला गेलं की माणूस हात भाजून घेतो.

प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून, गुणवत्तेनुसार होतो. विकल्प भरण्याआधी त्या संस्थेत एकदा स्वतः जाऊन या. इमारत कशी आहे ते सोडा, थेट वर्कशॉपमध्ये जा. तुमच्या ट्रेडला कायम निदेशक आहे का? लेथच्या चकवर ताजं बुर पडलंय की धूळ? वायरिंगच्या बोर्डावर या वर्षीचं काम दिसतं का? दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठून विचारा, स्वतः पॅनल (विजेची पेटी) वायर केलाय का. तो ‘निदेशकांनी करून दाखवलाय’ म्हणाला तर दुसरी संस्था वर टाका. काही आयटीआयमध्ये ड्युअल पद्धतीची तुकडी असते, म्हणजे प्रशिक्षणाचा काही काळ थेट कारखान्यात जातो. तशी जागा मिळत असेल तर सोडू नका.

दोन वर्षांत हाताला काय यायला हवं

अभ्यासक्रम सगळा इथे उतरवून काढत नाही. नोकरीत पहिल्याच आठवड्यात कामाला येतं तेवढंच सांगतो.

मोजमाप. व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंत आणि मायक्रोमीटर ०.०१ मिलिमीटरपर्यंत अडखळत नाही वाचता आला पाहिजे. फायलिंगला, म्हणजे कानस मारायला, सगळी मुलं कंटाळतात, पण पुढे जाम बसलेली चावी (शाफ्ट आणि पुली एकत्र जखडणारी पट्टी) घासून बसवताना किंवा शाफ्टवरचा ओरखडा उतरवताना तोच हात कामी येतो.

बेअरिंगचे नंबर. ६२०५ मधल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतला व्यास निघतो, २५ मिलिमीटर. ६२०८ असेल तर ४०. हा हिशेब ०४ पासून पुढे चालतो. त्याखालचे चार पाठच करा: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. नंबरापुढे सी३ असेल तर आतला खेळ, म्हणजे गोळ्या आणि रिंगमधली मोकळी जागा, जास्त असतो. स्टोअरवाल्याने सी३ ऐवजी साधं दिलं तर ‘चालतंय’ म्हणून बसवू नका.

स्टार-डेल्टा स्टार्टर. मोटर आधी स्टारमध्ये कमी करंटवर सुरू करून मग डेल्टात पूर्ण ताकदीवर नेणारा हा स्टार्टर इलेक्ट्रिशियनला कागद न बघता काढता आणि जोडता आला पाहिजे, आणि फिटरला निदान वाचता. कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच, आणि ओव्हरलोड रिले म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा. कॉन्टॅक्टरची कॉइल ए१–ए२, ओव्हरलोड रिलेचा ट्रिप कॉन्टॅक्ट ९५–९६, नॉर्मली ओपन १३–१४, नॉर्मली क्लोज २१–२२. हे आकडे जवळजवळ सगळ्या कंपन्यांच्या मालावर सारखेच असतात, म्हणून एकदा पाठ केले की झालं. इथे एक जागा अशी आहे जिथे भलेभले चुकतात. ओव्हरलोड रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली जोडलेला असेल तर डेल्टात त्यातून लाइनचा पूर्ण करंट जातच नाही, वाइंडिंगच्या एका फेजचा जातो. म्हणून त्याचं सेटिंग नेमप्लेटवरच्या करंटच्या ५८ टक्के ठेवायचं. नेमप्लेटवर १४ अँपिअर असेल तर साधारण ८ वर. १४ वर ठेवला की रिले शोभेला उरतो आणि मोटर जळाली की मगच कळतं.

शेवटचं म्हणजे दुसऱ्या ट्रेडची उसनवारी. फिटरने मल्टिमीटर, क्लॅम्पमीटर (वायर न तोडता करंट मोजणारा) आणि मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासणारा) वापरायला शिकावं. इलेक्ट्रिशियनने पुलर लावून बेअरिंग काढायला आणि व्ही-बेल्ट ताणायला शिकावं. यासाठी वेगळा क्लास लागत नाही, शेजारच्या वर्कशॉपमधला एक मित्र पुरतो. न्यूमॅटिक्सचं, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं, ५/२ व्हॉल्व्ह (पाच तोंडं, दोन स्थिती) आणि सिलिंडरचं सर्किट, २४ व्होल्टचा सेन्सर आणि पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) इनपुटवरचा दिवा, एवढं जाणणारा मुलगा भरतीत उठून दिसतो.

अप्रेंटिसशिप: इथे घाई करू नका

आयटीआय झालेल्यांना त्याच ट्रेडमध्ये बहुधा एक वर्षाची अप्रेंटिसशिप असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, ३० किंवा त्याहून जास्त मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१६ मध्ये राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना आली आणि स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार उचलू लागलं. त्यामुळे कंपन्यांनाही अप्रेंटिस परवडतो.

जॉइन होण्याआधी तुमचा करार अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदलाय का ते बघा. काही ठिकाणी ‘ट्रेनी’ म्हणून ठेकेदाराच्या मस्टरवर नाव चढवतात. वर्षभर पॅकिंगला उभं करतात आणि शेवटी हातात एक साधं पत्र देतात. करार नोंदलेला असेल तरच परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. पुढे रेल्वे, महावितरण, सार्वजनिक उपक्रमांच्या जाहिराती निघतात तेव्हा या कागदाचं वजन कळतं.

आता कंपनी कोणती? मुलं मोठं नाव आणि एसी कँटीन बघून उड्या मारतात. नवीकोरी लाइन असलेल्या प्लांटमध्ये मशीन बंद पडली की मशीन बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर येतो आणि अप्रेंटिस मागे उभा राहून टॉर्च धरतो. त्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षं जुन्या प्रेस, कन्व्हेयर, कॉम्प्रेसर असलेला, स्वतःचं टूलरूम आणि रिपेअरचं टेबल असलेला प्लांट शिकायला कितीतरी चांगला. साखर कारखान्याचा ऑफ सीझनही असाच. गाळप थांबलं की गिअरबॉक्सपासून टर्बाइनपर्यंत सगळं उघडतात. एका उन्हाळ्यात जेवढी यंत्रं पोटातून बघायला मिळतात तेवढी शहरातल्या चकाचक प्लांटमध्ये पाच वर्षांत मिळत नाहीत.

आधी कुलूप, मग पाना

लॉकआउट-टॅगआउट, कारखान्याच्या भाषेत लोटो, म्हणजे मशीनला हात लावण्याआधी तिची ताकद तोडून कुलूप आणि टॅग लावणं, पहिल्या दिवशी शिकायचं. त्याचा क्रम असा.

ऑपरेटरला सांगा की मशीन तुम्ही घेताय. मशीन नेहमीच्या पद्धतीने बंद करा. मग मेन आयसोलेटर (मशीनचा मुख्य स्विच) खाली ओढा आणि त्याला स्वतःचं कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात. तिघे काम करणार असाल तर हॅस्प (अनेक कुलपं अडकवायची कडी) लावून तीन कुलपं. एकाच्या कुलपावर तिघांनी विसंबायचं नाही. टॅगवर नाव, वेळ, कारण.

त्यानंतर साठलेली ताकद उतरवायची, आणि बहुतेक अपघात इथेच दबा धरून बसलेले असतात. हवेची लाइन बंद करून प्रेशर सोडा. हायड्रॉलिकचा ॲक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारं भांडं) रिकामा करा. वर अडकलेला स्लाइड किंवा लोड खाली आणा, नाहीतर त्याला टेकू द्या. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग बदलणारं उपकरण, त्याच्या कपॅसिटरमध्ये सप्लाय काढल्यावरही चार्ज राहतो. ड्राइव्हच्या अंगावर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, तेवढं थांबाच.

मग स्टार्ट बटण दाबून बघा, मशीन हलायला नको. शेवटी मीटरने सप्लाय नाही याची खात्री. त्याआधी तोच मीटर चालू लाइनवर तपासा, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालूवर. मीटरची वायर तुटलेली असेल तर तोही ‘शून्य’च दाखवतो.

इमर्जन्सी स्टॉपचं बटण दाबून काम करणं म्हणजे लोटो नव्हे. दहा मिनिटांच्या कामाला कुलूप कशाला, असं म्हणणारा सिनियर प्रत्येक प्लांटमध्ये भेटतो. त्याला ‘हो काका’ म्हणायचं आणि कुलूप लावायचं.

ब्रेकडाउन: बोट कुठून ठेवायला सुरुवात करायची

समजा रात्रीच्या शिफ्टला फोन आला: कन्व्हेयर चालू होत नाही. नवखा मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन थेट पॅनल उघडतो. तसं करू नका. आधी ऑपरेटरकडे जा.

“मामा, बंद पडायच्या आधी काय झालं?”

“काही नाही रे. संध्याकाळपासून जरा घरघर होती. मग दोनदा ट्रिप झाला, मीच रिसेट मारला.”

या दोन वाक्यांत अर्धा बिघाड सापडला. घरघर म्हणजे मेकॅनिकल बाजू. दोनदा ट्रिप म्हणजे मोटर जास्त करंट ओढतेय. पॅनल बहुधा निर्दोष असणार.

तरी क्रम सोडायचा नाही. मशीनभोवती एक फेरी मारा. इमर्जन्सी दाबलेलं राहिलंय का, गार्डचं दार उघडं आहे का, पुली-रोलरमध्ये काही अडकलंय का, जळका वास येतोय का. मग पॅनल. एमसीबी वर आहेत का, ओव्हरलोडची ट्रिप खूण बाहेर आलीय का.

खूण नसेल तर कुणाला तरी स्टार्ट दाबायला सांगा आणि कॉन्टॅक्टरकडे बघा. तो उचलतो की नाही, इथे वाट दोन फाट्यांत जाते.

कॉन्टॅक्टर उचलत नाही. स्टार्ट दाबलेला असताना ए१–ए२ वर व्होल्टेज मोजा. व्होल्टेज येतंय आणि तरी उचलत नाही, म्हणजे कॉइल गेली किंवा कॉन्टॅक्टर आतून अडकला. व्होल्टेजच येत नसेल तर मागे चालत जायचं: ९५–९६, स्टॉप बटण, इमर्जन्सी, इंटरलॉक (गार्डचं दार बंद असण्यासारखी अट पुरी झाल्याशिवाय सप्लाय न सोडणारा कॉन्टॅक्ट). सर्किट लांब असेल तर एकेक टर्मिनल मोजत बसू नका, मधोमध मोजा. तिथपर्यंत सप्लाय असेल तर पहिला अर्धा भाग सुटला, उरलेल्याचा पुन्हा मध्य घ्या. वीस टर्मिनलचं सर्किट चार-पाच मापांत संपतं.

कॉन्टॅक्टर उचलतो पण मोटर फिरत नाही. कॉन्टॅक्टरच्या खालच्या बाजूला तिन्ही फेजमध्ये आपसात ४१५ व्होल्टच्या आसपास येतंय का बघा. दोन जोड्या कमी दाखवत असतील तर सिंगल फेजिंग, म्हणजे एक फेज गेली: फ्यूज उडाला, कॉन्टॅक्ट जळाला किंवा लग (वायरच्या टोकाची जोडणी) ढिली. मोटर नुसती गुणगुणत असेल तर लगेच बंद करा, उरलेल्या फेजमधून भरमसाट करंट जात असतो.

तिन्ही फेज नीट आहेत आणि तरी मोटर अडते, मग बिघाड मेकॅनिकल बाजूला. कुलूप लावा, बेल्ट किंवा कपलिंग (दोन शाफ्टमधला जोड) सोडवा आणि आधी मोटरचा शाफ्ट हाताने फिरवा, मग गिअरबॉक्सचा. जो अडेल तो गुन्हेगार. मामांच्या कन्व्हेयरमध्ये बहुतेक वेळा टोकाच्या ड्रमचं बेअरिंग निघतं.

मोटरवरच शंका असेल तर मेगर. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर लावतात आणि वाइंडिंग ते बॉडी एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर मोटर चालू करत नाहीत. मोटर ड्राइव्हवर असेल तर आधी ड्राइव्हकडच्या वायरी सोडवा. ड्राइव्हसकट मेगर मारलात तर मोटरच्या शंकेपायी ड्राइव्ह घालवून बसाल.

एक नियम कडक पाळा: ओव्हरलोड एकदा रिसेट करायचा आणि त्याच वेळी क्लॅम्पमीटर लावून करंट बघायचा. नेमप्लेटपेक्षा जास्त असेल तर दुसऱ्यांदा रिसेट नाही. सेटिंग वर चढवून लाइन चालवणं तर नाहीच, मग फोनवर कुणीही ओरडत असो.

बेअरिंग बदलणं

हे काम सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं. नवीन बेअरिंग महिनाभरात पुन्हा वाजायला लागतं तेव्हा दोष कंपनीला देतात. बहुतेकदा मारलेलं असतं ते बसवतानाच.

शाफ्टवर घट्ट बसणारं बेअरिंग असेल तर जोर फक्त आतल्या रिंगवर द्यायचा, बरोबर मापाचा पाइप किंवा फिटिंग टूल लावून. बाहेरच्या रिंगवर हातोडी मारली की तो दणका गोळ्यांतून जातो आणि ट्रॅकवर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात. मोठं बेअरिंग इंडक्शन हीटरवर तापवून घाला, ११० अंशांच्या वर नको. गॅसच्या ज्योतीने तापवायचं नाही. दोन्ही बाजूंनी सील असलेलं बेअरिंग तेलाच्या कढईत टाकायचं नाही, त्यात ग्रीस भरूनच आलेलं असतं. आणि वेष्टण बसवायच्या क्षणीच फोडा, जेवणाच्या सुट्टीआधी नाही.

ग्रीस जास्त म्हणजे चांगलं, ही समजूत काढून टाका. हाऊसिंगमधली मोकळी जागा साधारण एक तृतीयांश ते निम्मी भरली की पुरे. ठासून भरलेलं ग्रीस घुसळून तापतं आणि बेअरिंगलाच खातं.

काढलेलं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी कापून बघा. निळसर-तपकिरी रंग म्हणजे उष्णता किंवा तेल-ग्रीसची कमतरता. ट्रॅकवर घासल्याची तिरकी खूण म्हणजे अलाइनमेंट चुकलंय. ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरच्या बेअरिंगमध्ये समांतर बारीक पट्टे दिसले तर शाफ्टमधून करंट वाहतोय. तिथे अर्थिंगचा आणि इन्सुलेटेड बेअरिंगचा विचार करावा लागतो, नाहीतर बेअरिंगं बदलतच राहाल.

कपलिंग जोडण्याआधी सॉफ्ट फूट, म्हणजे मोटरचा एखादा पाय तळाला नीट न टेकणं, तपासा. चारही बोल्ट आवळून पायावर डायल गेज लावा आणि एकेक बोल्ट सैल करा. काटा ०.०५ मिलिमीटरहून जास्त हलला तर त्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) हवी. शिम स्वच्छ आणि सपाट असावी, कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा नव्हे. हो, तेही बघितलंय. व्ही-बेल्टचा संच असेल तर एक तुटला तरी सगळे एकदम बदला. नवा बेल्ट जुन्यांबरोबर एकटाच भार ओढतो आणि लवकर जातो.

वही

प्लांटमध्ये ब्रेकडाउनची नोंद संगणकावर होत असेल, तरी स्वतःची वही ठेवा. तारीख, मशीन, लक्षण काय होतं, कुठे कुठे मोजलं, काय निघालं, कोणता पार्ट टाकला. ‘लक्षण’ आणि ‘काय निघालं’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. “मोटर खराब, बदलली” अशी नोंद कुणाच्याच कामाची नाही. “सुरू होताना ट्रिप, ‘ब’ फेजला करंट जास्त, मोटर फिरवली तर जड, मागचं बेअरिंग जाम” असं लिहिलं तर वर्षभराने तीच मशीन पुन्हा बंद पडते तेव्हा पाच मिनिटं वाचतात. कंपनीची ड्रॉइंग मात्र मोबाइलमध्ये फोटो काढून घरी नेऊ नका, नोकरी जाते.

पुढच्या पायऱ्या

इलेक्ट्रिशियन आणि वायरमनने शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना काढून ठेवावा, पुढे सुपरवायझरच्या परीक्षेची वाट त्यातूनच जाते. बॉयलर असलेल्या प्लांटमध्ये असाल तर बाष्पके संचालनालयाची बॉयलर अटेंडंटची परीक्षा बघा, असा माणूस कंपनी सहजासहजी सोडत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पण गणित सुटलेलं असतं, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत दम लागतो हे धरून चाला. पीएलसी, हायड्रॉलिक्स, मेकॅट्रॉनिक्ससाठी छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम किंवा मुंबईतली राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था यांच्याकडे चौकशी करा. गल्लीतल्या क्लासला पैसे भरण्याआधी तिथे प्रत्यक्ष पीएलसी किती आणि एका पीएलसीवर मुलं किती, एवढं विचारून घ्या.

मुलाखतीला

मेंटेनन्सची मुलाखत घेणारा बहुधा स्वतः पाना चालवलेला माणूस असतो. तो व्याख्या विचारत नाही. टेबलावर एखादं बेअरिंग ठेवतो आणि नंबर वाचायला लावतो, स्टार-डेल्टा काढायला लावतो, नाहीतर सरळ म्हणतो, “पंप चालू आहे पण पाणी येत नाही, काय बघशील?” या शेवटच्या प्रश्नाला पहिल्या वाक्यात ‘इम्पेलर खराब’ म्हणणारा मुलगा तिथेच मागे पडतो. उत्तर क्रमाने द्या: टाकीत पाणी आहे का, सक्शनचा व्हॉल्व्ह उघडा आहे का, पंप उलटा फिरतोय का, प्रायमिंग, म्हणजे पंपात भरून ठेवलेलं पाणी, सुटलंय का, सक्शन लाइन हवा खेचतेय का, गाळणी तुंबलीय का, आणि मग पंप उघडण्याची गोष्ट. उलटा फिरण्याचं नाव निघालं की तो हमखास पुढे विचारतो, “उलटा फिरत असेल तर काय करशील?” कुठल्याही दोन फेज आपसात बदलायच्या. पण त्याआधी कुलूप, हे सांगायला विसरू नका.